ओरिजिनल फाइल

व्हॅलेरी: चहा राहू द्या. हे वाचता येतं का, तेवढं सांगा.

मयूर: बसा तरी, ताई. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. ही घ्या. कुठून, ठाण्याहून आलात?

व्हॅलेरी: ठाकुर्लीहून. मी तिथे राहते. तुम्ही मला ओळखत नसाल. मी नॉर्मनची...

मयूर: ओळखलं. नॉर्मन अंकलची मुलगी. मयताला बघितलेलं तुम्हाला. मी चर्चच्या बाहेरच उभा होतो. आत आलेलं चालतं की नाही, माहीत नव्हतं.

व्हॅलेरी: चाललं असतं.

मयूर: आणि हा डबा त्यांच्या पिकअपचा.

व्हॅलेरी: हो. पोलिसांनी गेल्या आठवड्यात गाडी सोडली. गॅविनने लगेच भंगारवाल्याला बोलावलं. मी त्या माणसाला म्हटलं, गाडी ने, पण इंजिनाचा जो कंप्युटर असतो तो मला काढून दे. पप्पांच्या जेवणाची पिशवी होती घरात. तिच्यात बरोबर बसला.

मयूर: पिशवीला अजून वास आहे. तुमच्यातल्या बॉटल मसाल्याचा.

व्हॅलेरी: धुतली नाही कुणी. मयूर, ऑक्टोबरमध्ये पप्पांना साठ वर्षं पूर्ण झाली, तेव्हा गॅविन, माझा भाऊ, गाडी इथे तुमच्या गॅरेजमध्ये घेऊन आला. तुम्ही यात काहीतरी बदललंत आणि तिची ताकद वाढली. बरोबर?

मयूर: बरोबर. मॅप बदलला. डिझेल किती सोडायचं, टर्बोने हवा किती कोंबायची, सगळं ह्या डब्यात लिहिलेलं असतं. कंपनी सांभाळून लिहिते, आम्ही जरा सैल सोडतो. पाव पट खेच वाढते. गॅविनने बर्थडे गिफ्ट दिलेलं पप्पाला. लाल रिबन बांधलेली बोनेटला. इथेच, ह्या दारात.

व्हॅलेरी: ती रिबन ममाने ठेवली आहे. मला एवढंच विचारायचं आहे, त्या जादा ताकदीने क्लच जळतो का?

मयूर: प्लेट जुनी असली तर जळतो. मी गॅविनला बोललेलो, प्लेट बदल. तो बोलला, लग्नाचा सीझन होऊ दे.

व्हॅलेरी: तेच धरून बसला आहे तो. जानेवारीत येऊरला एका लग्नात जनरेटर आणि स्पीकर पोचवायचे होते. चढावर गाडी थांबली, मागे आली आणि वळणावरच्या नाल्यात उलटली. पप्पा आत होते. गॅविन म्हणतो, ताकद मी वाढवली, प्लेट मी बदलली नाही, क्लच जळून गाडी मागे आली. मी मारलं पप्पाला. एवढी चार वाक्यं तो बोलतो, बाकी काही नाही. घरी येत नाही. गोदामात स्पीकरच्या खोक्यांवर झोपतो. ममा जेवण पाठवते, ते तसंच परत येतं.

मयूर: मला माहीत नव्हतं एवढं.

व्हॅलेरी: पप्पांना जाऊन महिना होतोय. रविवारी चर्चमध्ये त्यांची मिस्सा आहे, प्रार्थना. फादर सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेतील. ममा म्हणते, मुलगा नसेल तर मीही जाणार नाही. आणि तो म्हणतो, ज्याला मी मारलं त्याच्यासाठी गुडघे कसे टेकू.

मयूर: तुम्हाला काय वाटतं?

व्हॅलेरी: मला वाटतं, क्लचच जळला असेल. पण गॅविन गिऱ्हाईक होता. जाणकार तुम्ही होतात. साठ वर्षांच्या माणसाच्या दहा वर्षं जुन्या गाडीत ताकद भरून तुम्ही तिला दाराबाहेर काढलंत, जुन्या प्लेटवर, जुन्या ब्रेकवर. मी हे वाचून घ्यायला आले आहे. यात तुमचं काम दिसलं, की मी त्याला सांगेन, दोष तुझा नाही, त्याचा आहे.

मयूर: माझा.

व्हॅलेरी: तुमचा.

मयूर: घ्या मग. सांगा त्याला, मयूरने केलं. मी नाही भांडायला येणार.

व्हॅलेरी: आधी वाचा तरी.

मयूर: वाचून काय करायचं? कबूल केलं ना.

व्हॅलेरी: मी वाचनालयात काम करते. न वाचता मत देणारी माणसं रोज बघते. न वाचता कबुली देणारा आज पहिल्यांदा बघितला. का?

मयूर: ताई, हा डबा इथे ठेवून जा. मी फेकून देतो.

व्हॅलेरी: मयूर.

मयूर: मी अंकलना शब्द दिलेला.

व्हॅलेरी: ते गेले.

मयूर: म्हणून तर. आता परत कसा घेऊ?

व्हॅलेरी: माझा भाऊ तीन आठवडे जेवला नाही, तुम्हाला शब्दाचं पडलंय.

मयूर: ह्यात काही नाहीये, ताई. ताकद-बिकद काही नाही. मी काढून टाकलेली.

व्हॅलेरी: कधी?

मयूर: नोव्हेंबरात. गॅरेजला सुट्टी होती. शटर अर्धं खाली करून मी बॅटऱ्या चार्जिंगला लावत होतो. अंकल वाकून आत आले, हातात स्टीलचा डबा. म्हणाले, फुगे आणलेत. मी बोललो, कुणाचा बर्थडे? म्हणाले, खायचे असतात रे ते, येड्या, आमच्यात तळतात. दोन खाल्ले तेव्हा म्हणाले, मयूर, जे टाकलंस ते काढ. होतं तसं कर.

व्हॅलेरी: कारण?

मयूर: आधी म्हणाले धूर होतो. मग म्हणाले क्लचचा वास येतो, म्हातारी गाडी आहे, तिला कशाला पळवायची. मी बोललो, प्लेट टाकू, धूर कमी करून देतो. तर डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, तसं नाय रे. माझी बाय ह्या गाडीत बसत नाय.

व्हॅलेरी: बाय म्हणजे मी.

मयूर: म्हणाले, ती शिकलेली आहे. बोलते, पळायची ताकद वाढवली, थांबायची कुठे वाढवली? मी हसलो तिला. पण ती बोलते ते मागाहून बरोबर निघतं, आणि मग मला राग येतो.

व्हॅलेरी: असं म्हणाले?

मयूर: शब्द इकडचे तिकडे झाले असतील. राग येतो, ते नक्की म्हणाले.

व्हॅलेरी: मी त्यांना सांगितलं होतं, ते काढत नाही तोवर मी या गाडीत पाय ठेवणार नाही. विडी सोडा म्हटलं, सोडली नाही. डोळे तपासा म्हटलं, तपासले नाहीत. आयुष्यात माझं एक ऐकलं नव्हतं.

मयूर: हे ऐकलं.

व्हॅलेरी: मग मला का नाही सांगितलं? नाताळच्या आधी तांदूळ घेऊन आले होते ठाकुर्लीला. मी कामाला निघत होते. म्हणाले, बस, सोडतो. मी म्हटलं, चालत जाईन. तर नाक्यापर्यंत माझ्या शेजारून गाडी हळूहळू चालवत आले. मागचे हॉर्न मारत होते आणि हे हसत होते. मला वाटलं, थट्टा करतायत माझी.

मयूर: एकटे होते?

व्हॅलेरी: नाही. गॅविन होता बाजूला.

मयूर: मग कसं बोलणार?

व्हॅलेरी: हो.

मयूर: मला सांगून गेलेले, गॅविनला कळता कामा नये. पोराने रिबन बांधलीय रे, म्हणाले. जेव्हा बघावं तेव्हा दोस्तांना सांगतो, पप्पाच्या गाडीला मी पंख लावले. त्याचं तोंड बघितलंस तर तू पण नाय सांगणार.

व्हॅलेरी: वाचा आता.

मयूर: विश्वास नाही?

व्हॅलेरी: आहे. तरी वाचा.

मयूर: दोन मिनिटं लागतात. ह्या वायरी लागल्या की तो जागा होतो. माझ्याकडे प्रत्येक गाडीची पहिली फाइल असते, कंपनीने दिलेली. काम करायच्या आधी मी ती उतरवून ठेवतो. ही बघा. नॉर्मन अंकल, ओरिजिनल. आता डब्यातली फाइल हिच्यावर ठेवतो. जिथे बदल असेल तिथे लाल दिसेल.

व्हॅलेरी: किती वेळ?

मयूर: झालं. बघा.

व्हॅलेरी: लाल कुठे आहे?

मयूर: नाहीये.

व्हॅलेरी: खाली?

मयूर: शेवटपर्यंत नाहीये, ताई.

व्हॅलेरी: म्हणजे क्लचवर जादा जोर आलाच नाही.

मयूर: मॅपचा नाही आला.

व्हॅलेरी: गाडी कंपनीतून आली तशी होती. तिची क्षमता किती?

मयूर: सव्वा टन.

व्हॅलेरी: पंचनाम्यात दोन टन आहे. दोन जनरेटर आणि सगळे स्पीकर. पप्पा नेहमी एक जनरेटर न्यायचे, मग परत येऊन दुसरा. आदल्या दिवशी गॅविन म्हणाला, आता ताकद आहे, दोन फेऱ्या कशाला? ममासमोरच म्हणाला.

मयूर: आणि अंकल 'नाही' बोलू शकले नाहीत.

व्हॅलेरी: नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मयूर: त्या चढाला एवढं वजन घेऊन गाडी थांबली, तर ते ब्रेक तिला धरणार नाहीत. क्लच चांगला असो की वाईट.

व्हॅलेरी: हे त्याला सांगायला हवं.

मयूर: ताई, पाया पडतो. हे गॅविनला सांगू नका. त्याला क्लचवरच राहू द्या. प्लेट बदलायची राहिली, एवढं माणूस सोसतो. आळस झाला, चूक झाली, वर्षभर रडेल, मग कामाला लागेल. पण माझ्या खुशीसाठी बाप खोटं बोलला आणि मीच त्याच्यावर वजन लादलं, हे कुठे ठेवणार तो?

व्हॅलेरी: त्याची चार वाक्यं मी ऐकली आहेत, मयूर. सुरुवात 'मी', शेवट 'मी'. त्यात दुसरं कुणी नाही. तुम्ही नाही, मी नाही, पप्पासुद्धा नाहीत. पप्पा नुसते मेलेत त्यात.

मयूर: खरं सांगून काय होईल?

व्हॅलेरी: मला माहीत नाही.

(बाहेर मोटारसायकल थांबते.)

मयूर: तोच आहे.

गॅविन: व्हॅल! काय चाललंय तुझं? भंगारवाला मला फोन करतो, बोलतो कंप्युटर बहीण घेऊन गेली. ममा बोलते शहाडला गेली. इकडे कशाला आलीस?

व्हॅलेरी: बस आधी.

गॅविन: नाय बसत. भाई, तू सांगितलंस ना हिला? प्लेट बदल बोललेलास, मी नाय बदलली. सांगितलंस?

मयूर: जेवलास का, गॅविन?

गॅविन: जेवणाचं सोड ना यार! जो भेटतो तो जेवलास का. क्लच जळला का नाय, एवढं बोल.

व्हॅलेरी: गॅविन, इकडे बघ. माझ्याकडे. गाडीत तुझी ताकद नव्हती. पप्पांनी नोव्हेंबरात काढून टाकली होती.

गॅविन: फेकू नको.

व्हॅलेरी: समोर आहे. ही कंपनीची फाइल, ही डब्यातली. दोन्ही सारख्या आहेत.

गॅविन: पप्पा स्वतः बोलायचा मला. बघ कशी उठते, बोलायचा. नाताळला, न्यू इयरला. मी बाजूला बसलेलो, उठायची गाडी!

मयूर: रिकामी असायची तेव्हा. दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून पाय दाबला की कुठलीही उठते. मीच दाखवलेलं अंकलना.

गॅविन: तू?

मयूर: त्यांनी विचारलं, पोराला कळू नये म्हणून काय करू. मी दाखवलं.

गॅविन: थांब. मग मी फोन केला तेव्हा? आदल्या दिवशी. दोन जनरेटर चढतील का येऊरला, विचारलं तुला. आठवतं? काय बोललास?

मयूर: पप्पांना विचार.

गॅविन: पप्पांना विचार! बस, एवढंच बोललास. मी विचारलं ना मग. जेवत होता. ममाच्या समोर. पाव मोडला, बोलला, चढेल की. तुझ्या पंखांची गाडी आहे ती.

व्हॅलेरी: या फोनचं मला नाही सांगितलंत, मयूर.

मयूर: सांगणार होतो.

व्हॅलेरी: कधी?

मयूर: नसतं सांगितलं.

गॅविन: पण का काढली? कुणी काही बोललं त्याला? धूर निघायचा थोडा, त्याचं काय एवढं? मला बोलायचं ना.

व्हॅलेरी: मी काढायला लावली.

गॅविन: तू?

व्हॅलेरी: मी म्हटलं, तोवर गाडीत बसणार नाही. त्यांनी काढली. तुला वाईट वाटेल म्हणून तुला सांगितलं नाही. तू बाजूला होतास म्हणून मला सांगितलं नाही. याला शपथ घातली. तिघांनाही सांभाळत बसले.

गॅविन: वजन तर मीच टाकलं ना.

व्हॅलेरी: तू टाकलंस. ताकद मी काढून घेतली. याने तोंड बंद ठेवलं. आणि पप्पांना तिन्ही गोष्टी माहीत होत्या, गॅविन. सगळं माहीत असलेला तिथे एकच माणूस होता, आणि त्याने चावी फिरवली.

गॅविन: पप्पाला नको बोलू.

व्हॅलेरी: मला बोलायचं आहे. मला खूप राग आला आहे त्यांचा. तुला नाही आला?

मयूर: पाणी घे, गॅविन.

गॅविन: मला उतरवलं त्याने.

व्हॅलेरी: काय?

गॅविन: त्या दिवशी. नेहमी मी बाजूला बसतो ना. बसलेलो पण. गोदामातून निघताना बोलला, उतर, तू बाईक काढ, पुढे हो, मंडपवाल्याला जागा अडवून ठेवायला सांग. मी बोललो, फोन करतो ना त्याला. तर ओरडला माझ्यावर. पप्पा कधी ओरडतो का? उतर बोललो ना, बोलला.

मयूर: चढावर तुला कळलं असतं.

गॅविन: पहिल्या वळणाला. पहिल्याच वळणाला कळलं असतं मला, ही ती गाडी नाय.

व्हॅलेरी: म्हणून उतरवलं.

गॅविन: मी वर जाऊन उभा राहिलेलो. खालून आवाज येत होता इंजिनचा. घुसमटल्यासारखा. मग बंद झाला. मला वाटलं, विडीला थांबला असेल. पाच मिनिटं मी तसाच उभा होतो, व्हॅल. मंडपवाल्याबरोबर हसत होतो कशावरतरी.

व्हॅलेरी: तू आत असतास तर...

गॅविन: ते नको बोलू.

व्हॅलेरी: नाही बोलत.

गॅविन: बाजूची सीट उरलीच नाय. बघितलीस ना गाडी?

व्हॅलेरी: बघितली.

गॅविन: मग नको बोलू.

मयूर: बस इथे, गॅविन. ती नको, तिचा पाय हलतो.

गॅविन: ममाला सांगणार तू?

व्हॅलेरी: सांगेन. रविवार होऊ दे. ती नाही गेली तर पप्पांचं नाव तिथे परक्यांसमोर वाचलं जाईल.

गॅविन: किती वाजता आहे?

व्हॅलेरी: साडेआठ. मग कबरीवर जायचं.

गॅविन: माझ्याकडे शर्ट नाय धड.

व्हॅलेरी: ममाने इस्त्री करून दाराच्या मागे लावलाय. पंधरा दिवस झाले.

गॅविन: मी गुडघे नाय टेकणार.

व्हॅलेरी: नको टेकूस. बाकावर बस नुसता, माझ्या बाजूला. मलाही जमेलसं वाटत नाही.

मयूर: मी येऊ का?

व्हॅलेरी: गॅविन?

गॅविन: ये. पण माझ्याशी बोलू नको.

मयूर: नाही बोलणार.

व्हॅलेरी: आणि या वेळी बाहेर उभे राहू नका.

मयूर: ह्या डब्याचं काय करू, ताई?

गॅविन: दे इकडे. पिशवीत घाल. पप्पाची पिशवी आहे ना ही?

व्हॅलेरी: हो.

गॅविन: धुवायची नाय हां कुणी.

व्हॅलेरी: नाही धुणार. मला ममाकडे सोडतोस?

गॅविन: ठाण्याला? इथनं लांब पडेल बाईकवर. कंबर मोडेल तुझी.

व्हॅलेरी: मोडू दे. पिशवी मी धरते.

गॅविन: बस. बाईकला मी काय केलेलं नाय. कंपनीतून आली तशीच आहे.

व्हॅलेरी: मी विचारलं नाही. चल.